लोकरीवरचं चित्र

आदल्या दिवशी दुपारनंतर अवकाळीनं झोडपून काढलं होतं आणि मांजरसुंब्यात रात्रभर लाइट नव्हती. सकाळी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा कुठे लाइट आली, फोन चार्जिंगला लावला आणि अडकून बसलेले मेसेज एकामागून एक पडायला लागले. माझा धंदा फ्लेक्स छपाईचा. वाढदिवस, निवडी, उद्घाटनं, मयती... चौकात जे काही टांगलेलं दिसतं त्यातलं बरंचसं माझ्याच मशीनमधून निघालेलं असतं. त्यामुळे कुणीतरी गेल्याचा मेसेज सकाळी सकाळी येणं याचं मला काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, धंद्यानं माणूस निबर होतो. दत्तानं एक फोटो पाठवला होता आणि खाली मजकूर, 'भावपूर्ण श्रद्धांजली, बाकी नेहमीचं, दुपारच्या आत लागतंय.' मी सवयीनं आधी फोटोचा आकार बघितला. फोटो बारीक आहे, मोठा केला की फुटणार, असं मनात आलं. आणि मग तो कुणाचा आहे ते दिसलं.

मल्हारीचा होता. दत्ता त्याचा चुलतभाऊ. मला आधीच कुणीतरी कळवलं असेल असं त्याला वाटलं असणार, म्हणून त्यानं नुसतं कामाचं तेवढं लिहिलं होतं. मी फोन लावला. "ईज पडली रं काल," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. थोड्या वेळानं त्याचाच आणखी एक मेसेज आला की फोटोतल्या शर्टावर रंगाचे डाग आहेत ते पुसून टाक, जमलं तर कोट घाल. आमच्याकडे ही रीतच आहे. जिवंतपणी ज्याच्या अंगाला कधी कोट लागला नाही त्यालाही फ्लेक्सवर आम्ही कोट घालतो, मागे निळं आभाळ टाकतो, चेहरा जरा उजळ करतो. मल्हारी यावरून मला कायम टोचायचा. "सुद्या, तुझ्या फ्लेक्सवरला मानूस मेल्यावरच कावून गोरा हुतो बे?" म्हणायचा. मी डाग पुसले नाहीत. कोट घातला नाही. चेहऱ्याला हात लावला नाही. फोटो फुटला तर फुटू दे म्हटलं आणि छापायला टाकला. मशीन त्याच्या कपाळापासून सुरू होऊन हळूहळू खाली येत होतं आणि मला ते बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन हायवेच्या कडेला उभा राहिलो.

आम्ही नेकनूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एकाच वस्तीवरचे. माझे आईवडील दर साली ऊसतोडीला जायचे आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला मल्हारीच्या घरी ठेवून जायचे. त्यामुळे माझं अर्धं लहानपण लिंबाजीकाका आणि गयाकाकूंच्या हातचं खाऊन झालं. काका म्हणजे मल्हारीचे वडील. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. बोलायला एकदम कमी, पण मेंढरांशी दिवसभर बोलायचे. त्यांच्या कळपाची खूण म्हणजे प्रत्येक मेंढराच्या उजव्या पुठ्ठ्यावर गेरूचा गोल ठिपका. दुसऱ्याच्या कळपात मेंढरू मिसळलं तरी त्या ठिपक्यावरून ओळखू यावं म्हणून. तो ठिपका द्यायचं काम मल्हारीकडे आलं तेव्हा आम्ही दोघंही चड्डीतच होतो. त्याचा ठिपका असा गोल यायचा की काका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पुढे त्यानं कोळशानं घराच्या भिंतीवर घोड्यावरचा खंडोबा काढला. संध्याकाळी काका रानातून आले, भिंतीसमोर उभे राहिले, आणि पायातल्या वहाणा काढून नमस्कार केला. मल्हारीच्या चित्राला मिळालेली ती पहिली दाद, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. भावकीतले म्हणत होते की पोराला शहरात चित्रं काढायला कशाला पाठवता, चार मेंढरं वाढवा. काका म्हणाले, "त्येचा हात हाय त्यो. माझा न्हाई." आणि पाठवलं. तेव्हा काका त्याची चित्रं बघायचे हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सगळं येऊन अडलं ते तिथंच.

कॉलेजात गेल्यावर मल्हारी दर सुट्टीला नवा माणूस होऊन परत यायचा. पहिल्या वर्षी त्याला हुबेहूब काढायचं वेड लागलं. वस्तीवरच्या एकाही म्हाताऱ्याला त्यानं सोडलं नाही, सगळ्यांना उन्हात बसवून कोळशानं त्यांच्या सुरकुत्या मोजल्या. लोक खूश. दुसऱ्या वर्षी आला तो चेहऱ्यांचे तुकडे करत. एक डोळा इकडे, नाक भलतीकडे, सगळं त्रिकोणी. काकांचं तसलं एक चित्र त्यानं मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बापाला ट्रॅक्टरखाली घातलंस काय रे? तो हसला नाही. म्हणाला, "समोरून एक दिसतंय, बाजूनं एक दिसतंय, मागनं एक. म्या त्येला समद्या बाजूनी बघितलाय बे, मग एकच बाजू कावून काढू?" मला तेव्हा काही कळलं नाही आणि आत्ताही पुरतं कळलं असं म्हणणार नाही. गयाकाकू मात्र प्रत्येक चित्र हातात घेऊन मनापासून बघायच्या आणि म्हणायच्या, "लई ग्वाड हाय... पर ह्ये काय हाय?"

मग जलरंग आले, मग शाई आली. मग सायकलच्या फुटक्या ट्यूबा कापून त्याचे ठसे करणं आलं. ठशांच्या दिवसांत त्यानं वस्तीवरच्या सगळ्यांच्या जुन्या चपलांचे तळ मागून नेले होते. एकदा त्याला धर्मापुरीच्या जुन्या देवळात जायचं होतं, म्हणून माझ्या मोटारसायकलवर आम्ही परळीच्या बाजूला गेलो. मला वाटलं बसून देऊळ काढेल. त्यानं पातळ कागद काढला, दगडातल्या नक्षीवर धरला आणि वरून कोळसा घासत सुटला. दगडातली बाई हळूहळू कागदावर उमटायला लागली. दिवसभर तो तेच करत राहिला, तोंड काळं, दात तेवढे पांढरे. परत येताना मागे बसून मला म्हणाला की हे आपण काढलेलं नाही, दगडानंच दिलं. माझ्या दुकानातले वाया गेलेले फ्लेक्सही तो न्यायचा. पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर थिनर ओतून ते अर्धवट पुसायचा आणि खालून जे निघेल त्यावर चाकूनं ओरखडे काढायचा. मी विचारायचो, एक काहीतरी धरून का बसत नाहीस? "एकाच हत्यारानं समदी कामं हुत्यात व्हय?" हे त्याचं उत्तर ठरलेलं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात तो तेलरंग घेऊन आला. मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या, काटेरी कुंपणाच्या वाडग्यात कोकरंच कोकरं. त्याच्या डोक्यात होतं की चित्र भिंतीला टांगून मरतं, ते चालत गेलं पाहिजे. दिवसा मोठी मेंढरं काकांबरोबर चरायला रानात जातात आणि कोकरं वाडग्यात मागे राहतात. त्या दिवशी काकांची पाठ वळली तशी मल्हारीनं कोकरांच्या पाठी रंगवायला घेतल्या. पिवळा, निळा, तांबडा. मी दुपारी गेलतो बघायला. खरं सांगतो, असं देखणं मी त्याच्या हातचं तोवर काही पाहिलं नव्हतं. कोकरं उड्या मारत होती आणि रंग एकमेकांत मिसळून पुन्हा सुटत होते. काकूंनीही हात जोडले आणि, नेहमीप्रमाणे, हे काय आहे म्हणून विचारलं.

संध्याकाळी कळप परत आला. मेंढरं राखणाऱ्या घरात ही वेळ फार गोड असते. आया ओरडत येतात, पिलं ओरडत धावतात, आणि एवढ्या गलक्यात प्रत्येक मेंढी आपलं पिलू हुंगून बरोबर ओळखते, आणि दुसरीचं पिलू जवळ आलं तर त्याला लाथ मारते. त्या संध्याकाळी मेंढ्यांनी हुंगलं आणि सगळ्यांनीच लाथा मारल्या. एकेक मेंढी ओरडत पिलू शोधत फिरत होती आणि पिलू तिच्याच पायात होतं. टर्पेंटाइनच्या वासाखाली त्यांचा वास कुठे राहिलाच नव्हता. मेंढी वासानं ओळखते हे मल्हारीला ठाऊक नव्हतं असं नाही. धनगराच्या पोराला ते कुणी शिकवावं लागत नाही. पण कॉलेजातल्या त्या खोलीत टर्पेंटाइनच्या वासात राहून राहून त्याचं नाकच मेलं होतं. त्याला तो वास येतच नव्हता. आणि घाबरून त्यानं वर जे केलं ते आणखी वाईट, रंग निघावा म्हणून कोकरांना रॉकेलनं पुसलं. कोवळी कातडी लालबुंद झाली आणि वास दुप्पट.

पुढचे काही दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. काका मेंढीचे पाय बांधून धरायचे, काकू कोकरू तिच्या कासेला लावायच्या, मेंढी अंग आखडून घ्यायची. शेळीच्या दुधात बोळा भिजवून काकू एकेकाच्या तोंडात पिळत बसायच्या. बरीचशी वाचली. काही गेली. गेलेली कोकरं काकांनी स्वतः पुरली, मल्हारीला फावड्याला हात लावू दिला नाही. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. हात धुऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "हितनं म्होरं तुजं चित्र म्या बगनार न्हाई." बस्स एवढंच. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवरच्या खंडोबावर दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या मातीचा हात फिरला.

मल्हारीनं तेलरंगांची पेटी माझ्या दुकानात आणून टाकली आणि सुट्टी अर्धी टाकून कॉलेजला निघून गेला. तिथून पुढे त्याचं जे काही चाललं होतं, ते लोकांना वेगवेगळं वाटत असेल, मला एकच दिसत होतं. बापानं एकदा बघावं. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला त्यानं हट्टानं दोघांना बोलावलं, मीही गेलो. काकू आत जाऊन चित्रासमोर चित्र बघत फिरल्या. काका बाहेर झाडाखाली घोंगडी टाकून बसले आणि दाराशी बसणाऱ्या शिपायाशी पावसापाण्याचं बोलत राहिले. मल्हारीला त्या दिवशी बक्षीस मिळालं. तो ते घेऊन बाहेर आला, काकांच्या शेजारी खाली बसला, दोघांनी एकाच कागदातले भजे खाल्ले. बक्षिसाबद्दल अवाक्षर नाही. येताना मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, "बाहीर का हुईना, आला की त्यो."

बापलेक दोघंही एकाच मातीचे. बाप बघत नाही तर ज्या वस्तूकडे त्याला बघावंच लागतं त्या वस्तूवर चित्र काढायचं, असं पोरानं ठरवलं. काकांच्या तंबाखूच्या डबीच्या झाकणावर त्यानं आतून बारीक मेंढी कोरली. काकांनी डबी उघडली, बंद केली, आणि त्या दिवसापासून तंबाखू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला लागले. काठीवर वेल कोरली, तर काकांनी नवी काठी तोडून आणली. लोकर साबणाच्या पाण्यात भिजवून, तुडवून, दाबून त्यानं काळ्यापांढऱ्या लोकरीची बसायची जाड पट्टी केली आणि त्यात लोकरीचंच चित्र घातलं. काकांनी ती उलटी करून अंथरली. मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. मी एकदा काकांना म्हटलंही, काका, पोरगं झुरतंय, एक डाव बघा की. ते म्हणाले, "त्वा तुजं काम कर."

मग शेवटच्या वर्षाला त्याच्या डोक्यात ते आलं. बाप दिवसभर बघतो काय? मेंढरं. त्यांच्याकडे त्याला बघावंच लागतं, त्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. पण त्याच मेंढरांवर त्याचं हे सगळं नासलं होतं, म्हणजे आधी रंग असा हवा होता की ज्याला मेंढरू परकं म्हणणार नाही. मल्हारीनं मग दुसरं सगळं सोडलं. न धुतलेली लोकर उकळून त्यावर येणारा चिकट तवंग तो काढायचा, त्यात गेरू, पांढरी माती आणि चुलीवरची काजळी खलायचा. काकूंची दोन पातेली त्यात कायमची गेली. रंगाची डबी घेऊन माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "हुंग बे. माझं नाक मेलंय." मला मेंढराचाच वास यायचा आणि तसं सांगितलं की त्याचा चेहरा फुलायचा. पुन्हा काहीतरी बदलायचा, पुन्हा आणायचा. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं त्याला वेडा समजायची. मीही दोनचार वेळा तसं म्हटलं असेल.

त्याच आठवड्यात, म्हणजे तो गेला त्याच आठवड्यात, भर दुपारी तो धावत दुकानात आला. काकूंच्या मदतीनं त्यानं एका कोकराच्या पाठीवर रंग लावून त्याला आईसमोर सोडलं होतं. "तिनं हुंगलं," तो म्हणाला, "लई येळ हुंगलं बे... आन् पिऊ दिलं." आणि फ्लेक्सच्या तुकड्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. मी चहा सांगितला. तो एवढा खुशीत होता की सगळं सांगत सुटला. काका भावकीतल्या लग्नाला जाणार होते. तेवढ्यात तो पूर्ण कळप रंगवणार होता, एकेका मेंढरावर एकेक तुकडा. काकांचा तो गोल ठिपका सगळ्यांवर तसाच ठेवायचा, त्याच्या आजूबाजूनं चित्र धरायचं. मेंढरं रानात पांगली की चित्र पांगणार, आणि संध्याकाळी वाडग्यात दाटीनं बसली की शेजारच्या टेकाडावरून ते जुळून दिसणार. मेंढरं रोज एकाच जागी बसतात का, मी विचारलं. "बहुतेक बसत्यात. न्हाई बसली तर येगळं दिसंल. त्ये बी चालतंय." चित्र कशाचं आहे ते मात्र सांगेना. "ज्येनं बगायचंय त्येला दिसंल. तुला कावून सांगू?" कागदावरही त्यानं ते कुठे काढून ठेवलं नव्हतं, मी नंतर सगळं धुंडाळलं.

काका लग्नाहून परतायचे होते त्याच दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. कळप माळावर होता, पाठी रंगवून झाल्या होत्या. काकूंनी मल्हारीला भाकरी नेऊन दिली होती आणि त्या घराकडे वळल्या होत्या. शेजारच्या वावरात काम करणाऱ्या एका माणसानं सगळं बघितलं, त्याच्याकडूनच आम्हाला कळलं. गारा सुरू झाल्या तशी काही मेंढरं धावत जाऊन एकट्या उभ्या बाभळीखाली गोळा झाली. वीज चमकताना झाडाखाली थांबू नये हे मल्हारीला समजत होतंच. तो स्वतः उघड्यावर बसून होता, अंगावर घोंगडी घेऊन. पण मेंढरांना कोण सांगणार? त्यांना तिथून हाकलायला तो ओरडत उठला, झाडापर्यंत पोचला आणि... त्या माणसाचे कान दोन दिवस गच्च होते म्हणे.

काका नेकनूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांना सांगायला माणूस उभा होता. मल्हारीला तोवर बीडला दवाखान्यात नेलं होतं. लोक म्हणाले, गाडी आहे, बीडला चला. काका गाडीत बसले नाहीत. चालत माळावर गेले आणि पांगलेली मेंढरं गोळा करायला लागले. दिवस मावळायला आला होता, त्या बाजूला लांडगे आहेत, हे खरं, पण लोकांना ते पटलं नाही. पोरगं तिकडं पडलंय आणि हा मेंढरं मोजतोय, काळीज आहे का धोंडा, असं तोंडावर बोलले.  काकांनी एकेक मेंढरू चिखलातून ओढून काढलं, काट्यांच्या जाळीतून सोडवलं, खांद्यावर घेतलं, आणि वाडग्यात आणून घातलं. मग ते बीडला गेले. दुसऱ्या दिवशी माझा फ्लेक्स वस्तीच्या तोंडाशी लागला, शर्टावरच्या डागांसकट. काकू त्याच्यासमोर उभ्या राहून डागांवरून बोट फिरवत होत्या. दत्ता माझ्यावर रागावला. रागावू दे.

तेराव्यापर्यंत मी रोज जात होतो, पण काकांना काही विचारायची हिंमत झाली नाही. एक मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होतं. पावसाळ्याआधी मेंढरं कातरायची असतात, बाकीच्यांची कातरून झाली, काका कातरेनात. ऊन मरणाचं, मेंढरं लोकरीखाली धापा टाकत होती, अंगाला गोचिड्या झाल्या होत्या. कुणी विषय काढला की काका उठून जायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, "ग्येल्याला ग्येला. जित्या जनावराचं हाल कावून करता?"  दुसऱ्या दिवशी सकाळी काका कातर घेऊन बसले. एरवी चारपाच घरची माणसं मिळून कातरणी करतात, जेवणं होतात, थट्टामस्करी चालते. या वेळी त्यांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही.

कातरणीनंतरच्या बाजाराच्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. पाठीवर एक गोणी. कोपऱ्यात उतरवली आणि म्हणाले, "ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे. घरी ठिवली तर तुजी काकू तिच्याजवळच बसून ऱ्हाती." मी गोणीचं तोंड सोडलं. लोकर होती. तांबडी, पांढरी, काळी, सगळी एकात एक गुंतलेली. मला राहवलं नाही, विचारलं.

"काका, तुम्ही बघितलंत?"

"त्याच दिशी बघितलं. मेंढरं वाडग्यात घातली आन् टेकाडावर बसलो. अंधार पडस्तवर बघितलं."

"काय होतं?"

त्यांनी गोणीचं तोंड पुन्हा आवळलं. मग म्हणाले, "मला काय कळतंय रं त्यातलं? आन् झाडाखाली जी मेली त्येंच्या जागा मोकळ्या ऱ्हायल्या. तेवढं चित्र त्येंच्यासंगं ग्येलं. ऱ्हायल्यालं म्या समदं बघितलं... समदं." मग हायवेकडे तोंड करून, जणू मला नाहीच सांगत असं, म्हणाले, "कोकराचं म्या कवाच सोडून दिलतं, सुदाम. त्येला म्हनायचं ऱ्हायलं."

मी नंतर दुकान बंद करून ती लोकर जमिनीवर पसरली होती. ओळ लागते का, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशेजारी बसेल, हे बघत बसलो. रोज फोटोतल्या माणसांचे चेहरे जोडणारा माणूस मी, पण काहीच जुळलं नाही. ठिपके तेवढे कळत होते. परत गोणीत भरून ठेवली.

आता दुकानात मेंढरांचा वास येतो. गिऱ्हाईक दारातच नाकाला रुमाल लावतं, काय रे, आत मेंढरं बांधलीस का, म्हणून विचारतं. मी हो म्हणतो. बाजाराच्या दिवशी काका येतात, कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसतात, गोणीचं तोंड सोडतात. मी चहा सांगतो. चहा येतो, त्यावर साय धरते, आणि काका आत बघत असतात.